संध्याकाळचं दूध

सर्व्हरच्या लॉगमध्ये २०० हा आकडा दिसला की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ब्राउझरने काहीतरी मागितलं, सर्व्हरने ते दिलं, व्यवहार पुरा झाला. या आकड्यावरचा विश्वास मी आता फार जपून वापरते. मागितलेलं पोचतं केलं, एवढंच तो सांगतो. पोचलेलं योग्य जागी बसलं का, बसल्यावर त्यातलं बटण चाललं का, त्या बटणाने जे जे बदलायला हवं होतं ते सगळं बदललं का, यातलं सर्व्हरला काहीच ठाऊक नसतं. पान अखंड येत होतं तोवर यामुळे फारसं अडत नव्हतं. पान तुकड्यातुकड्यांनी यायला लागलं, आणि चुका सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या मधल्या पट्ट्यात जाऊन राहू लागल्या. तिथे दोघांचीही नजर पोचत नाही.

माझं काम जँगोमधलं. पायथनमधली ही चौकट जन्मली ती वृत्तपत्राच्या कचेरीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकासाठी काम करताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ती लिहायला घेतली, जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. बातमीदारीच्या घाईत जन्मलेली असूनही तिची मांडणी फार शिस्तीची आहे. एक पत्ता, त्यामागे एक व्ह्यू, एक टेम्प्लेट आणि त्यातून बाहेर पडणारं एक पूर्ण पान. गंमत म्हणजे २००५ च्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात ‘एजॅक्स’ हे नाव दिलं, आणि पूर्ण पान न बदलता त्याचा एखादाच भाग बदलण्याच्या तंत्राला एकदम ओळख मिळाली. तंत्र त्याहून जुनं. आउटलुकची वेब आवृत्ती बनवताना मायक्रोसॉफ्टला त्याची गरज पडली होती, आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर ते ब्राउझरमध्ये आलं. म्हणजे पूर्ण पानाची चौकट खुली होणं आणि तुकड्यांच्या तंत्राचं बारसं एकाच वर्षातलं, आणि मी गेली अनेक वर्षं या दोघांचा संसार सांभाळते आहे.

हा संसार २०२० नंतर बराच सुखाचा झाला, तो एचटीएमएक्समुळे. कार्सन ग्रॉस यांची ही छोटी लायब्ररी. बटणाच्या टॅगमध्येच लिहायचं की क्लिक झालं की अमुक पत्त्यावरून तुकडा आण आणि तमुक ठिकाणी बसव. सर्व्हरने तयार एचटीएमएल पाठवायचं. जावास्क्रिप्टचा मोठा डोलारा उभारायची गरज नाही. पायथनमध्ये रमणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं? मला ही पद्धत मनापासून आवडते आणि नव्या कामासाठी मी तीच निवडते. पण तिच्यात शिरणाऱ्या चुकांचा स्वभाव वेगळा असतो, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. अखंड पानात चूक असली की आपण विचारतो, चूक कुठे आहे? कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर? तुकड्यांच्या पानात हा प्रश्न पुष्कळदा वाया जातो. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर असते. तिथे विचारायचं असतं ते, चूक केव्हा होते?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावची दूध संस्था. तिचा प्रोग्रॅम आधी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, पुढे देखभालीसाठी माझ्याकडे आला. संस्थेची पद्धत साधी आहे. सभासद दूध घालतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग, रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, सभासदाच्या कार्डावरही मांडलं जातं, आणि संकलन संपलं की रजिस्टर पुढ्यात घेऊन एक मुलगी त्या सगळ्या नोंदी संगणकात भरते. दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून बिल निघतं. गावात त्याला दुधाचा पगार म्हणतात. हा पगार घरात येतो त्यावर किराणा, शाळेची फी, पेंडीची उधारी हे सगळं ठरलेलं असतं.

तिथे काही सभासदांचे लिटर बिलात कमी लागत होते. कार्डावर दूध आहे, बिलात नाही. सगळ्यांचं नाही आणि रोजचंही नाही. संस्थेचं दूध घेणाऱ्या संघाकडे गेलेलं दूध संगणकातल्या बेरजेपेक्षा जास्त भरत होतं. दूध संस्थेत घट समजू शकते, वाढ कशी समजायची? साहजिकच आळ आला तो संगणकावर बसणाऱ्या मुलीवर. ओळी गाळते, लक्ष नसतं, मोबाईल बघते. मला फोन आला तोही प्रोग्रॅमची तक्रार म्हणून नव्हता, तर चुकलेली नोंद नंतर कशी घालायची हे विचारायला.

फॉर्म मी पुण्यात बसून उघडला. वीस रिकाम्या ओळींचा तक्ता, खाली ‘ओळ वाढवा’ असं बटण. पंचवीस-तीस ओळी भरल्या, सेव्ह केलं, सगळ्या नोंदी डेटाबेसमध्ये. पुन्हा केलं, पुन्हा सगळ्या. लॉगमध्ये २०० च्या रांगा. या टप्प्यावर ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं म्हणून फोन ठेवण्याची सवय आमच्या धंद्यात आहे, आणि त्या वाक्याची मला मनस्वी चीड आहे. ज्याच्याकडे चालत नाही त्याच्याकडे काहीतरी वेगळं घडतंय, इतकंच त्या वाक्यातून निघतं. ते वेगळं काय, हे शोधणं म्हणजेच तर काम.

संस्थेच्या सचिवांना गावात सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणू लागले. तात्यांना मी विचारलं, “तात्या, नेमक्या कोणत्या नोंदी जातात? काही सारखं दिसतंय का त्यात?”

तात्यांनी रजिस्टर उघडलं, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाले, “मॅडम, सकाळचं बैजवार बसतंय. सांजचंच निसटतंय. आणि निसटतंय ते बी शेवटचंच.”

सांजचंच आणि शेवटचंच. बग शोधणाऱ्याला साक्षीदाराकडून याहून जास्त काही नको असतं. तात्यांना जँगो माहीत नाही, जावास्क्रिप्ट माहीत नाही, पण कुठे आणि केव्हा यांतला दुसरा प्रश्न त्यांनी एका वाक्यात सोडवून दिला होता.

फॉर्म उघडला की वर ‘सकाळ’ निवडलेलंच असे. संध्याकाळच्या नोंदी भरायच्या तर ते बदलून ‘संध्याकाळ’ करायचं, की खालचा सगळा तक्ता सर्व्हरवरून नव्याने येई. पान तेच, फक्त तक्ता नवा, त्याच्या वीस ओळी नव्या आणि त्याच्याखालचं ‘ओळ वाढवा’ हे बटणही नवं. दिसायला हुबेहूब जुनंच. आता त्या बटणावर दोन कामं सोपवलेली होती. एक म्हणजे सर्व्हरकडून नवी ओळ आणून खाली जोडणं. हे एचटीएमएक्स करत होतं, आणि नवा तुकडा आला की त्यातल्या सूचना स्वतःहून वाचून घेणं हे एचटीएमएक्सचं ब्रीदच आहे, त्यामुळे नव्या बटणावरही हे काम व्यवस्थित चाले. दुसरं काम होतं ओळींचा आकडा एकाने वाढवण्याचं, आणि ते वेगळ्या, जुन्या जावास्क्रिप्टकडे होतं. ती स्क्रिप्ट पान उघडताना एकदाच चाले, त्या क्षणी पानावर असलेल्या बटणांना कान लावे आणि मोकळी होई. शाळेत हजेरी झाल्यावर वर्गात येऊन बसलेल्या मुलासारखं ते संध्याकाळचं बटण. बाकावर दिसतं, वहीत नाही.

हा आकडा म्हणजे काय, ते थोडं उलगडून सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. एकाच प्रकारच्या अनेक ओळी एका फॉर्ममधून घ्यायच्या तर जँगोत फॉर्मसेट नावाची सोय आहे. तिच्यात प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, शून्यापासून सुरू होणारा. आणि फॉर्मबरोबर एक लपवलेली जागा जाते, ‘टोटल फॉर्म्स’ नावाची. एकूण किती ओळी आहेत ते तिच्यात लिहिलेलं असतं. फॉर्म सर्व्हरवर पोचला की जँगो आधी हा आकडा वाचतो आणि तेवढ्याच ओळी उघडून बघतो. आकडा मुळात नसेल तर तो तक्रार करतो, आकडा आहे म्हटल्यावर तो प्रमाण मानतो. वीस लिहिलं असेल तर शून्य ते एकोणीस. त्यापुढे काही आलेलं असलं तरी त्याच्याकडे तो वळून पाहत नाही. त्याबद्दल ना चूक दाखवतो, ना इशारा देतो.

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सेव्ह केलेला फॉर्म उघडून पाहिला तेव्हा हे डोळ्यांसमोर आलं. ओळ १९, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. मग ओळ २०, लिटर ४.५, फॅट ६.८, एसएनएफ ९.१. कुणाच्या तरी म्हशीचं उत्तम दूध. मग ओळ २१. मग २२. सगळं व्यवस्थित भरलेलं, सगळं सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलेलं. आणि यादीच्या वरच्या टोकाला, टोटल फॉर्म्स, २०.

त्या मुलीने ओळ वाढवली होती, ओळ तिला दिसली होती, रजिस्टर पाहून तिने ती भरली होती, सेव्ह दाबलं होतं, आणि प्रोग्रॅमने तिला हिरव्या अक्षरांत ‘नोंदी जतन झाल्या’ असं सांगितलंही होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. बटण, एचटीएमएक्स, फॉर्मसेट, जो तो आपापल्या नियमाने वागला होता. आणि विसाव्यानंतर येणारे सभासद कोण? लवकर येतात ते गावठाणातले, संस्था त्यांच्या दारातच आहे. शेवटी येतात ते मळ्यातले, वस्तीवरचे, दोन-तीन किलोमीटरवरून किटली सायकलला अडकवून येणारे. नुकसान नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं होतं. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण रांगेच्या शेवटी उभं राहणाऱ्याचंच निसटावं अशी ती रचना झाली होती. हे कळल्यापासून मी फॉर्म तपासते तो शेवटच्या ओळीपासून.

गिटच्या इतिहासात मागे गेले तेव्हा कारणही कळलं. पूर्वी ‘संध्याकाळ’ निवडलं की अख्खं पान नव्याने उघडत असे. पान नवं, म्हणून स्क्रिप्टही पुन्हा चाले आणि सगळं जुळे. गावातल्या नेटवर्कवर त्याला फार वेळ लागायचा, म्हणून कुणीतरी ते बदलून फक्त तक्ता आणण्याची सोय केली होती. बदल चांगल्या हेतूने केलेला होता, आणि चांगलाही होता. त्याने पान झटपट झालं. पण पान उघडण्याच्या क्षणावर आणखी कोणकोण विसंबून आहे, याची यादी कुठेच लिहिलेली नव्हती. ती कुठेच लिहिलेली नसते.

त्याच प्रोग्रॅममध्ये पुढे आणखी काही गोष्टी निघाल्या आणि त्याही सगळ्या वेळेच्याच निघाल्या. सभासद क्रमांक टाइप करता करता शेजारी नाव उमटावं, ही सोय तिथे होती. १२५ टाइप करताना आधी १ साठी विचारणा जाते, मग १२ साठी, मग १२५ साठी. नेटवर्क चांगलं असेल तर उत्तरं त्याच क्रमाने येतात. नेटवर्क रडतखडत असेल तर १२ चं उत्तर १२५ च्या नंतर पोचतं आणि योग्य नावावर चुकीचं नाव येऊन बसतं. पुण्यातल्या ऑफिसात हे कधीच दिसणार नाही. ब्राउझरच्या साधनांत नेटवर्क मुद्दाम संथ करून पाहायची सोय आहे, ती वापरली तर पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. उपाय सोपा आहे. टाइप करणं थांबेपर्यंत जरा थांबायचं, आणि नवी विचारणा निघाली की जुनी रद्द करायची. एचटीएमएक्समध्ये दोन्हींसाठी तयार सूचना आहेत.

लॉगिनचंही असंच. जँगोचं सत्र, मुद्दाम बदललं नाही तर, दोन आठवडे टिकतं. ते संपल्यावर अखंड पान मागितलं तर माणूस सरळ लॉगिनच्या पानावर जातो, त्यात काही गोंधळ नाही. पण तुकडा मागितला असेल तर सर्व्हर म्हणतो, लॉगिनकडे जा, आणि ब्राउझर कुणालाही न विचारता तिकडे जाऊन लॉगिनचं पान घेऊन येतो, २०० सह. मग तक्त्याच्या जागी, पानाच्या मधोमध, संस्थेच्या नावासकट दुसरं लॉगिनचं पान उमटतं. संगणकासमोर बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्या हातून काहीतरी मोडलं. याहून वाईट म्हणजे सर्व्हरने खरोखरच चूक कळवली, ४०३ किंवा ५००, तर एचटीएमएक्स मूळ ठेवणीत तो तुकडा पानावर बसवतच नाही. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. माणूस पुन्हा दाबतो. पुन्हा काही नाही. चूक झाल्याचा खडखडाट निदान कुणालातरी ऐकू जातो, ही शांतता कुणालाच ऐकू जात नाही. म्हणून तुकड्यांचं पान हातात आलं की मी पहिलं काम करते ते चुकीच्या उत्तरासाठी पानावर एक ठळक जागा राखण्याचं. वाक्य अगदी साधं, ‘नोंद झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’, पण दिसलं पाहिजे.

शोधाची माझी रीत आता जवळपास ठरून गेली आहे. तुकड्याचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट उघडून बघायचा, म्हणजे तो एकटा कसा दिसतो ते कळतं. कन्सोलमध्ये एचटीएमएक्सचे सगळे इव्हेंट उमटायला लावायचे, कोण कोणाच्या आधी आलं ते तिथे क्रमाने दिसतं. आणि मग कामांचा क्रम बदलायचा. आधी संध्याकाळ, मग सकाळ, मग पुन्हा संध्याकाळ. मागे जाऊन पुढे यायचं. टॅब रात्रभर उघडा ठेवून सकाळी तसाच वापरायचा. माणसं प्रोग्रॅम असाच वापरतात.

दुरुस्ती दोन प्रकारे करता आली असती. सोपी म्हणजे स्क्रिप्टने बटणांना कान लावण्याऐवजी अख्ख्या पानाला कान लावायचा. बटण केव्हाही येवो, क्लिक वर चढत पानापर्यंत पोचतोच. बहुतेक जण हेच करतील आणि त्यात वावगं काही नाही. पण मला ते पुरेसं वाटलं नाही. ओळ एका वाटेने येते आणि ओळींचा आकडा दुसऱ्या वाटेने बदलतो, हेच मुळात धोक्याचं होतं. मी आकडा वाढवण्याचं काम जावास्क्रिप्टकडून काढून घेतलं आणि सर्व्हरला सांगितलं, नवी ओळ पाठवतोस तेव्हा त्याच उत्तरात नवा आकडाही पाठव. एका उत्तरातून पानाच्या दोन वेगवेगळ्या जागा बदलायची सोय एचटीएमएक्समध्ये आहेच. आता ओळ पोचली तर आकडाही पोचतो, ओळ अडली तर दोन्ही अडतात. शिवाय फॉर्मसेटच्या तपासणीत चार ओळी घातल्या. आलेल्या मजकुरातला सर्वांत मोठा क्रमांक आकड्यात बसत नसेल तर काहीही जतन करू नकोस आणि तसं स्पष्ट सांग. जँगो आकड्यावर विश्वास ठेवतो, ते त्याच्या जागी ठीक आहे. दूध संस्थेत नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही, तिथे दूध मोजून घेतात.

प्रोग्रॅम दुरुस्त झाला तरी गेलेल्या नोंदी परत येत नाहीत. त्या डेटाबेसपर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि फॉर्ममधला मजकूर लॉगमध्ये लिहिला जात नाही. सर्व्हरवर त्यांचा मागमूस नव्हता. होत्या त्या फक्त तात्यांच्या रजिस्टरमध्ये, निळ्या शाईत. पण आता काय शोधायचं ते नेमकं माहीत होतं. तो बदल ज्या तारखेला चढला त्या तारखेपासून, फक्त संध्याकाळची पानं, आणि प्रत्येक पानावर विसाव्याच्या पुढच्या ओळी. मी गावी गेले. तात्या वाचत गेले, ती मुलगी भरत गेली, मी प्रत्येक दिवसाची बेरीज संघाच्या पावतीशी ताडून पाहत गेले. ज्यांनी तक्रार केली त्यांची दुरुस्ती आधीच हाताने झाली होती, ती दुबार लागू नये म्हणून वेगळी काढावी लागली. बऱ्याच जणांनी तक्रार केलीच नव्हती. मधल्या काळात दरपत्रक बदललं होतं, त्यामुळे प्रत्येक नोंदीला त्या त्या तारखेचा दर लावावा लागला.

काम उरकत आल्यावर तात्यांनी सगळ्यांसमोर त्या मुलीला सांगितलं, “तुझं काय बी चुकलं न्हवतं गं.” ती काही बोलली नाही, पुढची ओळ कोणती ते विचारलं.

फरकाची रक्कम पुढच्या पगारात जोडली गेली. एका सभासदाने तोवर म्हैस विकून दूध घालणं बंद केलं होतं. त्याच्या नावावर पुढचं बिल निघणार नव्हतं, म्हणून तात्यांनी त्याच्या फरकाचं व्हाउचर वेगळं केलं आणि पैसे वस्तीवर पोचते केले.